घरमालकिणीचे दोन भाऊ

"सर, रशियातल्या त्या सामुदायिक शेतीत कुणी उपाशी मेलं का हो?"

विचारून दाखव अशी पैज लावली होती वर्गमैत्रीण नीलम्मानं, पण भर सभेत उठून उभी राहिली चांगुणा. आवाज कसा खणखणीत लागला! तिचं तिलाच नवल वाटलं.

त्र्याहत्तरचा मे महिना. भूमच्या विहिरींनी तळ गाठलेला, दुष्काळी कामावर खडी फोडून माणसं तशीच धुळीच्या अंगानं शाळेच्या पटांगणात येऊन बसलेली. कॉलेजचे अध्यक्ष आण्णासाहेब सगळ्यांच्या जमिनी एका सोसायटीत घ्यायला निघाले होते. त्याची थोरवी गायला त्यांनी आपल्याच कॉलेजातले मच्छिंद्र सर उभे केले होते. सात वर्षं मॉस्कोत राहून रशियाचा इतिहास शिकून आलेला माणूस, त्याच्या शब्दाला वजन.

सरांनी तांब्या उचलला, न पिताच ठेवला.

"मेली. तेहतीस साली, लाखांनी. धान्य सरकारनं उचलून नेलं. माझ्या घरमालकिणीचे दोन भाऊ त्यात गेले. तिनं सांगितलं, मी वहीत उतरवलं. प्रबंधात मात्र घातलं नाही. घातलं असतं तर पदवी मिळाली नसती."

आण्णासाहेबांनी सभा तिथंच आटोपली. सोसायटीच्या कागदावर त्या दिवशी एकही अंगठा उठला नाही.

चार दिवसांनी चांगुणाच्या घरी टाईप केलेला कागद आला. प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, सर आपणहून भलतंसलतं बोलले, असा मजकूर. खाली चांगुणाच्या सहीपुरती जागा. सही झाली की सरांना काढायला आण्णासाहेब मोकळे. चांगुणाचे वडील रामकिसन त्याच कॉलेजात शिपाई. सही न झाली तर काय, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

ती थेट सरांच्या खोलीवर गेली. ते पुस्तकं सुतळीनं बांधत होते. सही करून टाक म्हणाले, वडिलांना सांभाळ.

"त्या दोन भावांची नावं काय होती, सर?"

सरांचा हात गाठीवरच थांबला.

"ती विचारायचीच राहिली, पोरी. आकडे तेवढे विचारले."

चांगुणा घरी आली तेव्हा आई मथुराबाई कामावर मिळालेली सुकडी ताटलीत वाटत होती. रामकिसन दाराशी बसले होते, कागद आणि पेन पुढ्यात मांडून. तिनं पेनाला टोपण लावलं.

"आप्पा, आई, म्या सही करणार न्हाय."