तिसऱ्या फेरीची साखर

प्रयोग पार पडला असता तर मामेभावाला कायमची नोकरी मिळणार होती. तात्पुरत्या हजेरीपटावर त्याची सहा वर्षं गेली होती. त्याच्या आतेबहिणीला मिळणार होती स्वतःची प्रयोगशाळा. त्याला सरांच्या या प्रयोगशाळेत चिकटवलं तिनंच. "माझा दादा आहे, डोळे झाकून विश्वास ठेवा," असं सरांना सांगून. पुढे डोळे झाकून सह्या मात्र तिनंच केल्या.

काम असं: लाकडाच्या भुशातल्या सेल्युलोजची साखर करायची, पण आम्ल पाण्यात न ओतता. गंधकाचं आम्ल एका काळ्या भुकटीला पक्कं जोडलेलं. भुसा, पाणी आणि भुकटी बंद भांड्यात तापवली की साखर पाण्यात उतरते. भुकटी गाळून पुन्हा वापरायची. फक्त भुकटी बनवताना तिच्यात थोडं सुटं आम्ल राहतं. ते गरम पाण्यानं धुऊन काढायला दोन दिवस जातात. हे धुणं दादाकडे. तो वहीत 'धुतली' लिहायचा, ती खाली सही ठोकायची.

साखर भरघोस आली. सरांनी तपासणीला बाहेरच्या बाई बोलावल्या.

बाई खमक्या निघाल्या. "पहिल्या फेरीचं कौतुक नंतर. हीच भुकटी गाळा, पुन्हा लावा."

दुसऱ्या फेरीत साखर निम्मी. तिसऱ्या फेरीत नावाला. बाईंनी कोऱ्या भुकटीचा डबा मागवला, चिमूटभर पाण्यात ढवळून गाळली, पाण्यात हे आम्ल ओळखणाऱ्या बेरियम क्लोराइडचा थेंब सोडला. पाणी दुधाळ झालं.

"सुटं आम्ल! साखर त्यानं केली, आणि दर फेरीला ते पाण्याबरोबर गळून गेलं. तुमची भुकटी नुसती पाटीलकी करत होती."

बाई वह्या चाळायला बसल्या तसं तिनं दादाला कोपऱ्यात गाठलं.

"एकदा तरी धुतलीस?"

"पहिल्यांदा धुतली होती ना! साखर आली चमचाभर. तुझं तोंड एवढंसं झालं. चिमे, तुझ्यासाठीच सोडलं मी ते धुणं."

"आणि मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर सही केली असतीस?"

तेवढ्यात सर आले. "भुकटी कुणाची जबाबदारी?"

दादानं जमिनीकडे पाहिलं. "वही मॅडमची आहे, सर. मी आपला सांगतील तेवढं करतो."

जन्मापासून चिमी होती. मॅडम त्या दिवशी झाली.

पुढे सरांनी 'ही चूक आम्हीच उघडकीला आणली' असा लेख छापला. दादा शेजारच्या विभागात कायम झाला. तिची चार वर्षं गेली, प्रयोगशाळा गेली, आणि हक्कानं जायचं मामाचं घरही गेलं.