दहा वाजताची टिक

पाहुणे गेले, चहाचे कप उचलले गेले, तरी संघप्रियाचा जीव काही ठिकाणावर येईना.

घुग्घुसच्या रस्त्यावरच्या बॅटरी कारखान्यात ती दीड वर्षापासून कोटिंग लाइनची तपासणी बघत होती. तांब्याचं कागदाहून पातळ फॉइल एका टोकानं आत शिरायचं, त्यावर ग्राफाइटचा काळा लगदा चढायचा, लांबलचक भट्टीतून वाळत वाळत ते दुसऱ्या टोकाला रोलवर गुंडाळलं जायचं. भट्टीच्या तोंडाशी एक सेन्सर दिवसभर डावी-उजवीकडे फिरत असे. काळा थर किती जड बसला ते तो मोजायचा. जड वाटला की लगद्याचा पंप आपोआप हळू व्हायचा, हलका वाटला की वेग घ्यायचा. स्क्रीनवरचा आकडा हिरव्या पट्टीत असला की सगळे निवांत.

माणसानं करायचं काम एवढंच, की दर चार तासांनी लाइन दोन मिनिटं थांबवून सेन्सरची काच पुसायची, मोकळ्यावर आकडा शून्य येतो का ते तपासायचं आणि रजिस्टरमध्ये टिक करायची. सहा वाजता तिनं ते केलं होतं. दहाला ग्राहक कंपनीचे पाहुणे आले. शिफ्ट बघणारे प्रवीणभाऊ तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "आता लाइन थांबाले नको हं. अन् तूच समजावून सांग त्याह्यले, तुले चांगलं जमते."

तिनं खरंच छान समजावलं. "ही लाइन स्वतःकडे स्वतः लक्ष ठेवते," असंही म्हणाली. पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यामागून बाहेर पडताना तिनं रजिस्टर ओढलं आणि दहाच्या रकान्यात टिक करून टाकली. मागाहून पुसू, असं मनाशी म्हणाली, आणि मागाहून जेवणाची सुट्टी झाली.

डबा उघडला आणि न खाताच झाकला. तशीच ती लाइनवर परतली. स्क्रीन हिरवीगार. तिनं पंपाचा आकडा बघितला. सकाळी एकतीस होता, आता साडेएकोणतीस.

"गिरजाबाई, पंप तुमी कमी केला का?"

मशीन चालवणारी गिरजाबाई हातातलं फडकं ठेवत म्हणाली, "मी काऊन करीन बाप्पा? तो आपल्या मनानंच उतरून राह्यला सकाळपासून."

लगदा कमी जातो आहे आणि थर मात्र तेवढाच जड? वाळलेल्या कडेची काळी भुकटी काचेवर साचली असणार. सेन्सर ती भुकटीही थरातच धरतो आहे, थर जड झाला असं समजून पंपाला आवरतो आहे.

तिनं नुकत्याच उतरलेल्या रोलच्या टोकातून पंचानं गोल चकत्या कापल्या आणि वजनकाट्यावर ठेवल्या. सेन्सरवर न विसंबता तोलून बघायची ही सवय तिला कारखान्यानं लावली नव्हती. तिचे वडील श्रीहरी बल्लारपूरच्या कागद मिलमध्ये उभा जन्म कागदाचे तुकडे कापून वजन करत आले होते. लहानपणी ती घरी वह्यांची पानं तशीच कापायची आणि मार खायची. आज काट्यानं थर शंभरात पाच कमी दाखवला. दुसरी चकती, तिसरी, तेवढीच.

प्रवीणभाऊंनी आधी उडवून लावलं. "स्क्रीन हिरवी हाये ना? तुह्या पंचाची धार गेली असन."

"कोऱ्या फॉइलची चकती बी कापली मी, भाऊ. तिचं वजन बरोबर भरते. थरच पातळ हाये. असा सेल बनला अन् चार्जिंगले लागला, तर आत धातू साचत जाईन. एखादा पेट बी घेईन. लाइन थांबवा."

त्यांनी स्वतः एक चकती तोलली, आणि मग लाल बटण दाबलं. दहानंतरचे रोल तीन. दोन जागेवर होते, तिसरा थर दाबून घट्ट करायच्या मशीनकडे गेलेला. संघप्रिया पळतच तिकडे गेली. अर्धा रोल दाबून झाला होता. तिनं त्यावर 'वापरू नका'ची लाल पट्टी चिकटवली.

परतल्यावर प्रवीणभाऊ हळूच म्हणाले, "रिपोर्टात सेन्सर बिघडला असं लिहून दे. तुह्यं कायम व्हाचं पत्र याच महिन्यात हाये. काऊन आपल्या पायावर धोंडा पाडून घेतं?"

तिनं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. सेन्सर बिघडला म्हटलं तर नवा सेन्सर बसेल, त्याच्यावरही भुकटी बसेल, आणि कुणाच्या लक्षात यायचं नाही. तिनं लिहिलं, 'दहा वाजता काच पुसली नाही. न पुसता टिक केली.' खाली सही केली.

मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी बोलावून विचारलं, "लाइन थांबवू नका असं कोणी सांगितलं?"

"प्रवीणभाऊंनी. पण टिक कर असं ते म्हणाले नाहीत. ती माझी."

कायम होण्याचं पत्र सहा महिने पुढं गेलं. दोन आठवडे तिला लाइनवरून काढून चकत्या तोलायला बसवलं. घरी तिनं सांगितलं तेव्हा श्रीहरींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी असतो तं लिहिलं नसतं, पोरी." तिला ते शाबासकीसारखंही वाटलं आणि टोचलंही. त्या दोन आठवड्यांत तिला झोप अशी लागलीच नाही. प्रवीणभाऊ समोरून आले की मोबाइलमध्ये बघत निघून जायचे.

ती लाइनवर परतली त्या सकाळी ते आपणहून जवळ आले. गिरजाबाई लांब होती, तरी आवाज खाली आणून म्हणाले, "माह्या बी दोन हायेत. मागच्या महिन्यातल्या. तू सुट्टीवर होती तवाच्या."

"काय दोन?"

"टिका."

संघप्रियानं त्यांच्याकडे बघितलं. चेहरा उतरला होता, दाढी वाढलेली.

"कोणत्या रोलच्या वेळच्या, भाऊ? आठवते का?"

"आठवते. म्हणून तं झोप येऊन नाई राह्यली."

दोघं गोदामात गेले. एक रोल अजून मांडणीवर होता. तिथल्या तिथं त्याच्या चकत्या कापून तोलल्या, वजन बरोबर भरलं. प्रवीणभाऊंनी मोठा श्वास सोडला. दुसऱ्या रोलचा नंबर यादीत शोधला, तर त्याचे सेल बनून आठ दिवसांपूर्वी गाडी रवाना झाली होती.

"तो बी बरोबरच असन," प्रवीणभाऊ म्हणाले. "नाई का?"

"असन बी. नसन बी."

यादीचा कागद त्यांच्या हातात चुरगळत होता. त्यांनी तो मांडणीवर ठेवून सरळ केला, नंबरावर बोट ठेवलं, अन् मॅनेजरच्या खोलीकडे निघाले. चार पावलांवर थांबून त्यांनी मागं बघितलं.

"तू येतं का संगं?"

"चला," ती म्हणाली.