सहा वाजता न उठलेली मर्ल

मित्रांनो, मी एक जुने जुगाराचे यंत्र आहे. ऑस्ट्रेलियातील एका किनारी गावात, क्लबमागच्या कोठारात, चादरीखाली उभे आहे.

कारखान्यात मला गाणी शिकवली गेली. माणूस हरला तरी जिंकल्यासारखे वाजायचे, हे माझे पहिले शिक्षण. माजी सैनिकांच्या या क्लबात मी एकवीस वर्षे तसेच वाजत राहिले. माझ्या रंगीत दिव्यांचे तेव्हा फार कौतुक होई. समोर रोज मर्ल नावाची वृद्धा बसे. जरा उठली, तर बटणावर कॉफीचा कप उपडा ठेवून जाई. म्हणजे जागा तिची.

क्लबाची एक रीत होती. संध्याकाळी सहाला दिवे मंदावत आणि युद्धात मरण पावलेल्यांसाठी सारे जण भिंतीवरील त्यांच्या नावांकडे तोंड करून निःशब्द उभे राहत. त्यांत मर्लच्या धाकट्या भावाचे, कीथचे नाव होते.

एके संध्याकाळी सारे उठले. मर्ल उठली नाही. त्या शांततेत केवळ माझे गाणे वाजले. दिवे उजळले, तेव्हाही तिचा हात माझ्यावरच होता.

दुसऱ्या दिवशी सरकारतर्फे एक मुलगी लोकांची मते विचारत आली. खेळणाऱ्याने आधीच पैशांची मर्यादा ठरवायची, ती संपताच यंत्र थांबेल, असे यंत्रात घालायचे कार्ड सक्तीचे करावे का?

“करा की,” शेजारच्या यंत्रावरचा नेव्हिल म्हणाला. “ज्यांना आवरत नाही त्यांच्यासाठी. मी आपला गंमत म्हणून बसतो.”

“सकाळी दहापासून गंमतच चाललीय तुझी!” मर्ल म्हणाली.

“आणि तू काय गं, प्रार्थनेला येतेस?”

मुलगी हसली. मर्ल हसली नाही.

“पोरी, माझं ‘हो’ लिही. दुसऱ्या कुणासाठी नाही, माझ्यासाठी. काल मी कीथसाठी उठले नाही गं. मला उठवणारं काहीतरी हवंय.”

नेव्हिलने आपले बटण पुन्हा दाबले.

गावाने बहुमताने होकार दिला. मंत्री म्हणाले, अजून अभ्यास हवा. कार्ड आले नाही. माझ्या जागी नवे यंत्र मात्र आले.

आता रोज सहाला भिंतीपलीकडे शांतता पसरते, आणि तिच्यात एक गाणे वाजत राहते. बटण दाबणारा तो हात मी ठेक्यावरून ओळखते.

मित्रांनो, कुणी स्वतःहून ‘मला थांबवा’ म्हणाले, तर नुसते मत नोंदवून पुढे जाऊ नका. त्याचा हात धरा. मला हात नव्हते.