तिसऱ्या खिंडीतली सराय

मुनजीने पडद्यावरच्या नायकाला सरायीच्या दारात नेऊन उभं केलं आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"थांब जरा. चष्मा लावते," नजीबा म्हणाली.

नजीबा त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि व्हिडिओ गेमचा उल्लेख 'तुझा तो आजार' असा करायची. आज मात्र ती केस विंचरून, डोक्याला नवा रुमाल बांधून खाली आली होती. कुणाच्या घरी भेटायला निघाल्यासारखी. एका अर्थी ते खरंच होतं.

'सात खिंडी' हा खेळ पहिल्यांदा निघाला तेव्हा त्यात अरबी नव्हती. जग वाचवायचं तर आधी इंग्रजी यायला हवी, असा एकंदर कारभार होता. मग स्फाक्स शहरातल्या शाळेत भूगोल शिकवणारा मुनजी आणि इंटरनेटवर भेटलेली, त्याच्या निम्म्या वयाची काही पोरं, यांनी कुणाला न विचारता तो अरबीत आणला. मुनजीच्या वाट्याला तिसऱ्या खिंडीतली म्हातारी सरायवाली आली. तो तिची वाक्यं लिहून मोठ्याने वाचायचा आणि शेजारी बदाम सोलत बसलेली आई, मन्नूबिया, नाक मुरडायची. सराय चालवणारी बाई असं बोलेल होय? मग कशी बोलेल ते ती सांगायची आणि शाळेत चाळीस पोरांना गप्प बसवणारा मुनजी निमूटपणे लिहून घ्यायचा. इंग्रजीतली सरायवाली पाहुण्याला 'दमलेले दिसता' एवढंच म्हणायची. मन्नूबियाची सरायवाली म्हणायची, तोंड बघ, उन्हात विसरलेल्या मासळीसारखं झालंय. आधी जेव, मरायलाच जायचं असेल तर भरल्या पोटी जा. दर खेपेला, न चुकता.

बसऱ्यापासून नुआकशोतपर्यंतची, अरबी मुलखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची पोरं परीक्षेच्या सकाळी एकमेकांना हे वाक्य पाठवू लागली. ते मूळ खेळातलंच आहे अशी त्यांची समजूत होती. मन्नूबियाला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मग जेवतात का?"

ती गेली. काही वर्षांनी दुसऱ्या भागाची घोषणा झाली. त्यात अरबी असणार होती, तीही अधिकृत, आणि पात्रं आता नुसती अक्षरांत नाही तर तोंडाने बोलणार होती. मुनजीने जिन्यात उभं राहून ही बातमी नजीबाला दिली. आईची वाक्यं आता कानांनी ऐकायला मिळतील, हे दोघांपैकी कुणी बोलून दाखवलं नाही. पण तिच्या नव्या रुमालाचं कारण तेच होतं.

सरायीचं दार उघडलं. आतल्या बाईला नव्या भागात कंपनीने तरुण केलं होतं. दात सरळ, कमरेला चामड्याचा पट्टा. रात्रीच्या बातम्या सांगाव्यात अशा स्वरात ती म्हणाली, "सन्माननीय प्रवासी, आपले स्वागत असो. आपणांस विश्रांती घ्यावयाची आहे काय?"

नजीबाने थोडा वेळ वाट पाहिली.

"म्हातारी कुठंय?"

"हीच ती."

"ही? ही बँकेतल्या काउंटरवरची वाटते."

मुनजीने नायकाला बाहेर काढलं आणि पुन्हा आत नेलं. सन्माननीय प्रवाशाचं पुन्हा स्वागत झालं.

"अजून एकदा जा," नजीबा म्हणाली. "ओळखायला वेळ लागत असेल."

ती थट्टा करत नव्हती. तो आणखी तीनदा गेला. मग नजीबाने चष्मा काढला, घडी करून डबीत ठेवला आणि सूप वाढते म्हणून स्वयंपाकघरात गेली.

मुनजी खेळत राहिला. घंटा होईपर्यंत वर्ग सोडायचा नाही, तशातला प्रकार. पहिल्या भागात वाट चुकण्यातच अर्धी मजा होती. इथे पायाखाली एक सोनेरी बाण सरकत पुढची दिशा दाखवत होता. भूगोलाच्या मास्तराला तो वैयक्तिक अपमान वाटला. बाणामागून जात जात तो एका शहराच्या वेशीशी आला. तिथे मिसरूड फुटलेला एक पहारेकरी भाला टेकून उभा होता. त्याने नायकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तोंड बघ, उन्हात विसरलेल्या मासळीसारखं झालंय. आधी जेव. मरायलाच जायचं असेल तर भरल्या पोटी जा."

"जेवले गं," नजीबा आतून म्हणाली.

मग आतला भांड्यांचा आवाज थांबला.

पहारेकऱ्याचा आवाज पोरसवदा होता, उच्चार अम्मानकडचा, आणि 'मरायला'वर नको तिथे जोर दिलेला. परीक्षेच्या सकाळी ते वाक्य पाठवणारं कुणीतरी पोर आता त्या कंपनीत नोकरीला लागलं असणार. सरायवाली त्याच्या हातात नसेल; पहारेकरी होता.

नजीबा दारात आली. हातात पळी, पळीतून जवाचं सूप फरशीवर ठिबकत होतं.

"कोण बोललं?"

"पहारेकरी."

ती पडद्याकडे बघत राहिली. शेवटच्या महिन्यात आईने तोंड मिटून घेतलं होतं. समोर चमचा धरून नजीबा हेच वाक्य तिला ऐकवायची, तिच्याच ठसक्यात. आई भिंतीकडे कूस वळवायची.

"परत बोलायला लाव त्याला."

मुनजीने नायकाला दहा पावलं मागे नेलं आणि पुन्हा वेशीशी आणलं.

"गर्दी करू नका," पहारेकरी म्हणाला. "पुढे चला."

त्याने आणखी एकदा करून पाहिलं. पुढे चला.

"ती दर खेपेला म्हणायची," नजीबा म्हणाली.

"हो."

सोनेरी बाण वेशीच्या आत जाऊन लुकलुकत होता. नायक जागचा हलेना म्हणून मागचे व्यापारी आपापली खेचरं घेऊन त्याला वळसा घालून जाऊ लागले. मुनजीने कंट्रोलर बाजूला ठेवला. नजीबा त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. पळी अजून तिच्या हातातच होती.

"सूप गार होईल," तो म्हणाला.

"होऊ दे," ती म्हणाली, आणि डबीतून चष्मा काढून पुन्हा लावला.