बारा लाकडी विमानं आणि शनिवारची न्हाणी

स्तेपानिदाचं म्हणणं एवढंच होतं, की इतकं नीटनेटकं सैन्य तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि वरून बघणाऱ्या जर्मनानंही पाहिलं नसणार.

कुर्स्कजवळच्या त्यांच्या गावाबाहेर, ओढ्याकाठच्या कुरणात, तीन आठवडे बारा विमानं उभी होती. सगळी लाकडाची. लुक्यान सुतारानं फळ्या ठोकून, वर हिरवा रंग फासून केलेली. खरी विमानं पलीकडे बर्चच्या रानात दडवलेली. १९४३चा जून होता आणि जर्मन आज ना उद्या चालून येणार, हे गावातल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं. त्यानं बॉम्ब टाकायचे तर लाकडावर टाकावेत, म्हणून हा सगळा खटाटोप. त्या रानात स्तेपानिदाची एकुलती एक पोर होती, उस्तिन्या. विमानांना बॉम्ब अडकवायचं तिचं काम.

पण मेला जर्मन फसेल तर ना! त्याचं टेहळणीचं विमान रोज यायचं, कुरणावर एक घिरटी घालून निघून जायचं. आज शनिवारी सकाळी तर ते बर्चच्या रानावर दोनदा फिरलं. डोक्याचा रुमाल आवळून स्तेपानिदा तडक कुरणात गेली.

लेनिनग्राडहून आलेला पोरगेला लेफ्टनंट वेरेस्कोव दोरी धरून विमानांची रांग सरळ करत होता.

"साहेब, तो फसत नाहीये."

"फसेल, आजी. सगळं नियमानुसार चाललंय."

"तिथंच तर घोडं पेंड खातंय! अरे लेकरा, इथं पलटण राहते म्हणतोस, आणि बुटांत पायांना गुंडाळायची फडकी वाळत घातलेली दिसत नाहीत? तीन शनिवार गेले, कुणी आंघोळ केली नाही? इथं काय मढी राहतात?"

"धुराला मनाई आहे. लपलेलं सैन्य धूर करत नाही."

लुक्याननं हातोडा खाली ठेवला. "दुसऱ्यांचं करत नसेल, साहेब. आपले लोक मरणाच्या दारातसुद्धा शनिवारची न्हाणी सोडत नाहीत."

कुरणाच्या कडेला स्तेपानिदाची न्हाणी होती. ओंडक्यांची, बुटकी. आत तापल्या दगडांवर पाणी मारायचं आणि अंगावर बर्चच्या पाल्याची जुडी मारत वाफेत बसायचं. गेल्या हिवाळ्यात हाकलले जाण्याआधी जर्मन सव्वा वर्ष गावात होते, तेव्हा त्यांचा एक हवालदार ऐटीत तिथं आला होता. स्तेपानिदानं त्याला सगळ्यात वरच्या फळीवर बसवलं आणि अशी वाफ दिली, की गडी नागडाच बर्फात पळाला. तेव्हापासून शनिवारी धूर दिसला की जर्मन त्या बाजूला फिरकायचेच नाहीत.

"त्यांना आपला शनिवार पाठ आहे," ती म्हणाली. "मी न्हाणी पेटवते."

"आणि बॉम्ब न्हाणीवरच पडला तर?"

"पडू दे! माझी पोर तिकडे आहे, न्हाणीत नाही."

लेफ्टनंट घुटमळला. "वरिष्ठांना विचारतो."

"विचार की. तोवर दगड तापतील."

दुपारपर्यंत कुरणाची रया गेली, म्हणजे ते खरं दिसू लागलं. पंखांवर फडकी वाळत पडली, चार विमानं तिरकी झाली, न्हाणीतून जाडजूड धूर निघाला. राहता राहिला माणूस. वाफ घेऊन ओढ्यात उडी मारणारा एक तरी माणूस हवा होता.

"लुक्यान, कपडे काढ," स्तेपानिदा म्हणाली.

"या वयात? अगं, गाव काय म्हणेल?"

"गावानं डोळे मिटलेत. एवढ्या उंचीवरून तू सुतार की कर्नल, हे कुणाला कळतंय?"

विमानाची घरघर आली. पाठीवर बर्चच्या पाल्याची जुडी हाणत लुक्यान न्हाणीतून सुटला तो थेट ओढ्यात. त्याच्यामागून, लाजेनं लालबुंद, लेफ्टनंट वेरेस्कोव. विमान खाली आलं. एक घिरटी, दुसरी घिरटी. मग रानाकडे न वळता सरळ पश्चिमेला गेलं.

तासाभरात बॉम्बवाली विमानं आली. खंदकात स्तेपानिदा एकटीच मान वर काढून रानाकडे बघत होती. लुक्यान तिला ओढायचा, ती पुन्हा वर. जमीन हादरली, फळ्या आभाळात उडाल्या.

"माझी विमानं!" लुक्यान आनंदानं ओरडला. "तीन आठवड्यांची मेहनत गेली गं!"

पुढे दोन आठवड्यांनी जर्मन खरोखर चालून आले. त्या उन्हाळ्यात कुर्स्कपासून त्यांनी जी पाठ फिरवली, ती बर्लिनपर्यंत. शहाणी माणसं त्याचं श्रेय रणगाड्यांना देतात, आणि ते खरंच आहे. रानातली विमानंही तेव्हा होती, एवढंच लुक्यान चारचौघांत सांगायचा.

पण ते पुढचं. त्या शनिवारी धूर विरला, तेव्हा रान हिरवंगार उभं होतं आणि न्हाणीच्या जागी नुसता खड्डा होता. उस्तिन्या रानातून धावत आली. आईला धडधाकट बघून थांबली, मग खड्ड्याच्या काठाशी गेली. गावातल्या बायका न्हाणीतच बाळंत व्हायच्या.

"आई, मी इथंच जन्मले ना गं?"

"हो बाई," स्तेपानिदा म्हणाली. "दोनदा." आणि मग तिला रडू आवरेना.