बैलांसकट पन्नास

पेट्रोल पुन्हा महागलं ही बातमी रेडिओनं सकाळी सातला सांगितली आणि सव्वासातला दुर्गाबाईंनी स्कूटर विकायला काढली.

तशी बातमी लांबचीच होती. आखातात लढाई पेटली होती आणि तिकडच्या तेलाच्या विहिरींवरून मोठमोठी राज्यं एकमेकांवर डोळे वटारून बसली होती. पण त्याची झळ तीर्थपुरीत रामकिसन गुरुजींच्या ओसरीपर्यंत यायला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"आखात कुठं आलं हो?" दुर्गाबाईंनी विचारलं.

गुरुजी शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होते, आणि मास्तर कमी पडले की भूगोलही. एखाद्या पोराचं गणित सात वेळा चुकलं तरी आठव्यांदा ते त्याच गोडीनं समजावून सांगत. त्यांनी लगेच टोपलीतलं लिंबू उचललं. "ही समज पृथ्वी. हे देठ म्हणजे उत्तर ध्रुव. आता इथं आपली तीर्थपुरी आणि हे इकडं..."

दुर्गाबाईंनी पृथ्वी त्यांच्या हातातून घेतली, विळीवर मधोमध चिरली आणि पोह्यांवर पिळली. "भांडण त्यांचं, विहिरी त्यांच्या. मंग खर्चा आपण कामून द्यायचा? आजच भुजंगला सांगते, घेऊन जा म्हणावं गाडी."

गुरुजींनी हातातला घास परत ताटलीत ठेवला.

ती निळी स्कूटर म्हणजे त्यांनी आयुष्यात केलेली एकुलती एक हौस. वयाच्या बावन्नाव्या वर्षी घेतली होती. शिकताना ते दोनदा उकिरड्यात गेले आणि एकदा थेट भुजंगच्या गोठ्यात शिरून म्हशींच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पण शिकले. तेव्हापासून रोज सकाळी स्कूटर पुसल्याशिवाय ते चहा घेत नसत. भुजंगचा मात्र त्याच दिवसापासून तिच्यावर डोळा होता. त्याचा दुधाचा रतीब होता. दोन्ही बाजूंना दोन-दोन कॅन लटकावले की कशी दिसेल, हे तो गुरुजींच्या देखत स्कूटरभोवती फिरून बघायचा आणि दर वेळी तेच विचारायचा, "गुर्जी, ॲव्हरेज काय देती?"

हा शब्द ऐकला की गुरुजींचं डोकं दुखायचं. "अरे भुजंगा, ॲव्हरेज म्हणजे सरासरी. आणि सरासरी काढायची तर निदान दोन संख्या लागतात. दोन्हींची बेरीज करायची, दोनानं भागायचं. एका गाडीची एकटीची सरासरी कशी निघेल?"

"बराबर हाय," भुजंग म्हणायचा. "पण देती किती?"

त्या सकाळी गुरुजींनी पोहे बाजूला ठेवून विनवणी केली. दुर्गाबाई काही दगड नव्हत्या. पदर खोचून त्यांनी अट सांगितली आणि गुरुजींनी ती सवयीनं पाटीवर लिहून काढली. पाटी दारातल्या खुंटीला टांगली. सुवाच्य अक्षरात त्यावर असं होतं:

*एका लिटरमध्ये पन्नास किलोमीटर फिरून गाडी दारात आली पाहिजे. नाही आली तर भुजंगची.*

खाली दोघांच्या सह्या. परीक्षा रविवारी. त्याच दिवशी दिवेलागणीला भुजंग येणार.

रविवारी सकाळी अजमत मिस्त्रीनं टाकी पार कोरडी केली आणि लिटरचं माप काढलं. दुर्गाबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. "काठोकाठ भर. अन् दुधावानी फेस नको."

"काकू, पेट्रोलला फेस येत न्हाई," अजमत म्हणाला.

"भुजंगबी पहिल्या दिवशी असंच म्हणला व्हता."

मग अजमतनं गुरुजींना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "गुर्जी, गाडी एकदम फस्क्लास हाय. पण पन्नास लई होतात. वजन उतरवा."

गुरुजींनी वजन उतरवायला सुरुवात केली. आधी मागचं जादा चाक उतरवलं. मग पान्हे, आरसा, हातातलं घड्याळ. खिशातल्या दोन पेनांपैकी लाल पेनही काढून ठेवलं. कोपऱ्यात जाऊन आले आणि चहासुद्धा नको म्हणाले. आता आपण एकटे पिसासारखे उडत जाऊ असं त्यांना वाटलं, तोच दुर्गाबाई हातात पिशवी घेऊन मागच्या सीटवर चढल्या. स्कूटरनं एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि ती चार बोटं खाली बसली.

"अगं, तू कुठं?"

"मी बसल्याबिगर कसं कळंल किती फिरली ते? तुम्ही वाटंत थेंबभर टाकलं मंग?"

"आणि पिशवीत काय?"

"भाकरी, ठेचा अन् पाण्याचा तांब्या. वजनाची चिंता करू नका. खाल्लं की कमी होईल."

"अगं, खाल्लं तरी ते पोटात जातं आणि पोट गाडीवरच असतं," गुरुजींनी शांतपणे समजावलं. दुर्गाबाईंनी क्षणभर विचार केला. "मंग आत्ताच निघा. उतरून विचार करण्याएवढा येळ न्हाई."

मीटरवर अकरा हजार दोनशे होते. अंकुशनगरच्या साखर कारखान्यावरून पुढं हमरस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. तेवढ्यात पन्नास होतात असा गुरुजींचा अंदाज होता. अकरा हजार दोनशे पन्नासला दारात पोचायचं.

जाताना वारा मागून होता. "शाल सोड आणि दोन्ही हातांनी पसर," गुरुजी म्हणाले. "वारा फुकट आहे. त्याचा भाव अजून वाढलेला नाही." दुर्गाबाईंनी शाल शिडासारखी धरली. समोरून एसटी आली की त्या लाजून शिड गुंडाळत आणि एसटी गेली की पुन्हा उभारत. उतार लागला की गुरुजी इंजिन बंद करत. मग इतकं शांत व्हायचं की रानातल्या कापूस वेचणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू यायचं. एका झकास उतारावर नेमकी एक म्हैस आडवी आली आणि ब्रेक लावावा लागला.

"दोनशे हात फुकटचे गेले," गुरुजी हळहळले.

"भुजंगची असंल," दुर्गाबाई म्हणाल्या.

येताना तोच वारा समोरून आला. उतारांचे चढ झाले होते. अंतरवाली सराटीच्या अलीकडं स्कूटर दोनदा खोकली आणि थांबली. मीटर म्हणत होतं, तेहतीस.

गुरुजींनी धीर सोडला नाही. जगातल्या सगळ्या स्कूटरवाल्यांना जी विद्या येते ती त्यांनाही येत होती. "उतर," ते म्हणाले आणि त्यांनी स्कूटर बाजूवर आडवी केली. झोपलेल्या पोराला कुशीवर वळवावं तशी धरून ठेवली. तळाशी उरलेले थेंब वाहत गेले, स्कूटर सुरू झाली. "चढ!" पुन्हा थांबली. "उतर!" पुन्हा आडवी. "चढ!" असं तीनदा झालं. चौथ्यांदा आडवी केली तर आतून काहीच आवाज आला नाही. चौतीस.

चौकातल्या चहाच्या टपरीवरून एकजण ओरडला, "गुर्जी, बाटलीभर पेट्रोल देऊ काय?"

गुरुजींच्या तोंडाला पाणी सुटलं. पण पाटीवर एकच लिटर लिहिलं होतं आणि खाली त्यांची सही होती. "नको. परीक्षेत दुसऱ्याचं घेणं म्हणजे कॉपी," ते म्हणाले.

मग ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघं लिंबाखाली भाकरी खात बसले. दुर्गाबाईंनी ठेच्याचा मोठा वाटा गुरुजींना दिला. त्यावरूनच गुरुजींनी ओळखलं, की गाडी गेली.

तेवढ्यात कारखान्यावर ऊस टाकून रिकामी बैलगाडी परत येताना दिसली. गाडीवर पुंजाराम होता. गुरुजींचा जुना विद्यार्थी. सातवीत तीन वर्षं सरासरीच्याच गणितानं त्याला अडवून धरलं होतं. शेवटी सरासरीही थकली आणि तोही.

"गुर्जी, काय करून राह्यले इथं? बांधू का मागं?"

त्यानं दोर काढला आणि स्कूटर बैलगाडीच्या मागं बांधली. हँडल धरायला गुरुजी स्कूटरवर बसले. दुर्गाबाईंना पुंजारामनं हात देऊन बैलगाडीत चढवलं.

आता या प्रवासात एक गंमत होती, ती नीट समजून घ्यायला हवी. स्कूटरच्या सीटखाली स्प्रिंग असते, चाकात हवा असते. उसाच्या गाडीला यातलं काहीच नसतं. रस्त्यातला खड्डा आधी चाकात जातो, चाकातून फळीत आणि फळीतून सरळ बसलेल्या माणसात. त्यामुळं मागं गुरुजी झुल्यावर बसल्यासारखे डुलत होते आणि पुढं दुर्गाबाई दर दहा पावलांवर वीतभर उडत होत्या.

"अगं आई!"

"काकू, घट्ट धरा."

"काय धरू? धरायला हाय काय इथं?"

तासाभरानं गुरुजींची नजर मीटरवर गेली आणि ते ताठ झाले. "अडतीस!" ते ओरडले. "अगं, मीटर चालू आहे!"

"मोजू नका," पुढून आवाज आला. "बैल चालून राह्यलेत."

"चालतात बैल, पण चाक कुणाचं फिरतंय? आपलंच. पाटीवर काय लिहिलंय? फिरून."

"लबाडी शिकवता का शाळंत? अगं आई गं!"

दुर्गाबाईंचं म्हणणं गुरुजींना लागलं. मनातल्या मनात ते तो शब्द उलटसुलट करून बघू लागले. फिरणं म्हणजे इंजिनानं फिरणं, की नुसतं फिरणं? तीस वर्षं ते मुलांना सांगत आले होते, की प्रश्न नीट वाचा, अर्ध्या चुका तिथंच होतात. आता त्यांनी प्रश्न इतका नीट वाचला होता की तो त्यांनाच खायला उठला.

पुंजारामनं पुढून सगळं ऐकलं होतं. भांडण काय आहे ते विचारून घेतलं. मग बराच वेळ तो बैलांच्या पाठीवर बोटानं काहीतरी लिहीत राहिला. शेवटी वळून म्हणाला, "गुर्जी, पेट्रोलवर चौतीस. बैलावर सोळा. दोन संख्या झाल्या. बेरीज पन्नास, भागिले दोन. ॲव्हरेज पंचवीस. बराबर का?"

बैलगाडी कुरकुरत चालली होती. आयुष्यात पहिल्यांदा पुंजारामची सरासरी बरोबर आली होती, आणि यायचीच तर आज आली. पण मास्तरचा जीव, त्याला काय करणार! त्यांचे डोळे भरून आले. "शाबास, पुंजाराम! बिलकुल बरोबर!"

"बघा, पंचवीस," दुर्गाबाई उडता उडता म्हणाल्या. "तुमच्याच शाळंतलं उत्तर हाय."

पुढं बोलायला दुर्गाबाईंच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. त्या फक्त अधूनमधून वळून मागच्या सीटकडं बघत होत्या. ती मऊ होती, रिकामी होती आणि सावकाश डुलत येत होती.

दिवेलागणीला बैलगाडी दारात पोचली. भुजंग आधीच येऊन ओट्यावर बसला होता. सोबत त्यानं दोन कॅन मापाला आणले होते. खुंटीवरची पाटी वाचून त्याचं समाधान झालेलं दिसत होतं.

गुरुजींनी वाकून मीटर बघितलं. अंदाज चुकला होता. बाजूचा दशांशाचा लाल आकडा धरून एकोणपन्नास पूर्णांक सात. पन्नास नव्हतेच. इंजिनानं फिरणं की नुसतं फिरणं, हा वाददेखील आता उरला नव्हता. त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि शेवटचं म्हणून स्कूटरचा दिवा पुसायला घेतला.

"पन्नास नाही झाले," ते खालच्या आवाजात म्हणाले. "घेऊन जा, भुजंगा."

भुजंग कॅन घेऊन उठला. दुर्गाबाई बैलगाडीतून उतरल्या, म्हणजे घसरल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी आधी बैलगाडीकडं बघितलं. मग भुजंगच्या कॅनकडं. मग दिवा पुसणाऱ्या नवऱ्याकडं. नंतर पिशवी सावरत त्या स्कूटरच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. "हुश्श" असा एक सुखाचा आवाज त्यांच्या तोंडून निघाला.

"पुंजाराम," त्या म्हणाल्या, "मारुतीला एक चक्कर मारून ये. जल्दी करू नको. सावकाश."

"काकू, आता कशाला?"

"दर्शन घ्यायचंय."

दोर अजून बांधलेलाच होता, गुरुजी पुन्हा हँडल धरून बसले. मारुतीला एक चक्कर झाली, मीटर पुरतं सरकलं नाही. दुर्गाबाईंची भक्ती वाढली. दुसरी झाली. तिसऱ्या चकरेला गुरुजी मोठ्यानं ओरडले, "पन्नास!" आणि वरात पुन्हा दारात आली.

भुजंग तोपर्यंत तापला होता. "काकू, ही लबाडी झाली. गाडी बैलांनी आणली!"

"पाटीवर बैलाचं नाव कुठं हाय? वाच," दुर्गाबाई म्हणाल्या. "एक लिटर. पन्नास. फिरून. दारात. कुठला शब्द चुकला ते सांग."

भुजंगनं पाटी तीनदा वाचली. एकही शब्द चुकला नव्हता. तो कॅन उचलून निघून गेला. जाताना कॅनवर कॅन आपटत होता.

रात्री गुरुजी तिळाचं तेल कोमट करून घेऊन आले. "दुर्गे, खरं सांग. तुला माझी दया आली ना?"

"तुमची कशाला?" दुर्गाबाई पालथ्या पडल्या होत्या, उशीतून बोलल्या. "माझी आली. पेट्रोल वाढो न्हाईतर काहीबी होवो, आता मला बैलगाडीत बसवायचं न्हाई. जरा वर लावा. वर."

दुसऱ्या दिवशी स्कूटर पुसून गुरुजी चहाला बसले तेव्हा रस्त्यावरून भुजंग चालला होता. राग गेला नव्हता, पण सवयही गेली नव्हती. थांबून त्यानं विचारलंच, "गुर्जी, ॲव्हरेज काय देती?"

गुरुजींनी बशी खाली ठेवली. सरासरीला दोन संख्या लागतात, हे आज त्यांनी सांगितलं नाही.

"पन्नास," ते म्हणाले. "बैलांसकट."