चार पायांचा साप

"मनुष्य हा या पृथ्वीचा अनभिषिक्त सम्राट असून यच्चयावत प्राणिमात्र त्याच्यापुढे नतमस्तक आहेत."

वर्तमानपत्रातलं हे वाक्य निवेदकांनी आपल्या भरदार आवाजात रिकाम्या खोलीला वाचून दाखवलं. वाक्य संपायला आणि खाटेखालून काहीतरी तपकिरी, चकचकीत, लांबट असं सळसळत बाहेर यायला एकच गाठ पडली. पुढचं वाक्य सम्राटांनी खुर्चीवर उभं राहून, पायजमा दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलून धरत उच्चारलं, आणि ते वर्तमानपत्रात नव्हतं.

"अगं, कोणी आहे का तिकडे? साप! साप!"

निवेदकांची उभी हयात रेडिओवर बातम्या वाचण्यात गेली होती. पूर आले, सरकारं पडली, लढाया झाल्या; त्यांचा आवाज कधी अर्ध्या पट्टीनेसुद्धा चढला नव्हता. आज चढला.

सूनबाई झाडू घेऊन धावत आली आणि उंबऱ्याशी येऊन थबकली.

"कुठंय, बाबा?"

"ट्रंकेमागे!"

"मोठा आहे?"

"लहान म्हणता येणार नाही."

सूनबाईने लांबूनच झाडू आत सरकवला, जणू पुढचं तो झाडूच बघून घेणार होता. "मी आईंना बोलावते हं," म्हणाली आणि पसार झाली.

ती जाताच ट्रंकेमागून साप बाहेर आला आणि उन्हाच्या तिरिपेत थांबला. त्याला पाय होते. आखूड, ओशाळवाणे, पण चांगले चार. साप कसला, सापसुरळी होती ती! कुंड्यांच्या आडोशाने किडे टिपत हिंडणारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिने मान वर करून निवेदकांकडे बघितलं. एवढा वयस्कर माणूस सकाळी सकाळी खुर्चीवर कशाला चढला असेल, असा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मग ती दाराच्या फटीतून आपल्या कामाला निघून गेली.

निवेदक खाली उतरले. 'काही नाही गं, सापसुरळी होती' हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सासू-सुना उंबऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या, पण आत आल्या नाहीत. निवेदकांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. परसातली ही खोली निवृत्तीनंतर त्यांना 'तुमची हक्काची' म्हणून देण्यात आली होती. हक्क त्यांचा आणि वापर सगळ्यांचा, अशी वाटणी होती. ओल्या छत्र्या तिथे सुकत, कांदे तिथे पसरले जात, रिकाम्या बरण्या 'लागतील कधीतरी' म्हणून तिथे येत आणि कधीच लागत नसत. वाचायला बसावं तर कोणीतरी ट्रंक उघडायला येई. आणि आता तर सूनबाईचे वडील मुक्कामाला यायचे होते. त्यांच्या घरातल्या फरशा उखडल्या होत्या. हे गृहस्थ शाळेत कवायतीचे मास्तर होते; नोकरी सुटली तरी शिट्टी सुटली नव्हती. ती पहाटे वाजे. 'बाबांच्याच खोलीत दुसरी खाट टाकू, दोघांना सोबत होईल,' असं घरात ठरलंही होतं. सोबत हवी कोणाला आहे, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"अहो, गेला का?" बायकोने बाहेरूनच विचारलं.

निवेदकांनी त्या कोणीच न ओलांडलेल्या उंबऱ्याकडे पाहिलं. इतकी शांतता या खोलीला कधी लाभली नव्हती.

"नाही," ते बातम्यांच्या संथ आवाजात म्हणाले. "आहे. आतच आहे."

त्या दिवसापासून साप बाळसं धरू लागला. रोज जेवताना निवेदक त्याचं ताजं वृत्त देत. साप आधी हातभर होता, मग काठीएवढा झाला. मग त्याची कात मिळाली. ती वाऱ्याने उडून गेली म्हणून दाखवता आली नाही, एवढंच. खोलीतले कांदे आपोआप स्वयंपाकघरात परतले. छत्र्यांना दुसरी जागा सापडली. 'मी आहे तिथे, तुम्ही कोणी जाऊ नका,' असं निवेदक छातीवर हात ठेवून सांगत, आणि घराच्या रक्षणासाठी दुपारभर तिथे पुस्तक वाचत पडत.

"रंग कसा आहे म्हणालात?" एकदा बायकोने पोळी वाढता वाढता विचारलं.

"काळपट."

"परवा तपकिरी म्हणाला होतात. सरडा रंग बदलतो हे ऐकून होते. सापही बदलायला लागला म्हणायचं!"

निवेदकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण बायकोने पुढे काही विचारलं नाही, उलट आणखी एक पोळी वाढली. तेव्हा पाल गप्प बसली.

राहता राहिले व्याही. "पप्पांना सापाच्या खोलीत कसं झोपवायचं?" असं सूनबाईनेच म्हटल्यावर निवेदकांनी दुःखी चेहरा केला. "नाइलाज आहे. कळव त्यांना," म्हणाले. तिने फोन केला. पलीकडून काय उत्तर आलं ते तिने येऊन सांगितलं.

"बाबा, पप्पा उद्याच येतायत. म्हणाले, साप आहे हे आधी का नाही सांगितलंस?"

मास्तर आले ते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, हातात काठी आणि गळ्यात शिट्टी. पाणीसुद्धा न पिता थेट परसात गेले. "व्याहीबुवा, तुम्ही मागे व्हा!" असं म्हणून त्यांनी खाट हलवली, ट्रंक ओढली, बरण्या वाजवल्या. निवेदक दाराला पाठ लावून, निकालाच्या दिवशी नापास होणाऱ्या मुलासारखे उभे होते. शेवटी ट्रंकेमागून सापसुरळी निघाली आणि मास्तरांच्या बुटावर चढून बसली.

मास्तरांनी काठी टेकवली आणि वाकून बघितलं.

"व्याहीबुवा, तुमच्या सापाला पाय आहेत हो!"

"हळू बोला," निवेदक म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अहो, हळू! माझी एवढी एकच खोली आहे. साप गेला की कांदे येतील."

मास्तर काही बोलणार तोच घरातून हाक आली. "पप्पा, गोळी घेतलीत का? पप्पा, बूट घालून घरात येऊ नका! पप्पा, ऐकू येतंय का?" मास्तरांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं, मग बंद दाराकडे.

"त्या आत येतात का हो?"

"पाऊल टाकत नाहीत."

"गोळी द्यायलासुद्धा?"

"उंबऱ्यावर ठेवून जातात."

मास्तरांनी सापसुरळीला अलगद बुटावरून उतरवलं, दार किलकिलं केलं आणि मैदानावर सोडत तसा आवाज सोडला. "जनावर आहे! भलतंच अवघड आहे! मी इथेच थांबतो!"

तेव्हापासून दोघांचं चांगलं जमलं. मास्तरांनी शिट्टी खुंटीला टांगली, कारण शिट्टीने साप बिथरतो, असं त्यांनी स्वतःच घरात सांगून ठेवलं होतं. निवेदकांनीही मोठ्यांदा वाचणं सोडलं. समोरच्या कुंपणावर एक सरडा उन्हात बसून जोर काढी. मास्तर खिडकीतून त्याच्यावर लक्ष ठेवत. "कंबर खाली जातेय लेका, कंबर!" एवढंच पुटपुटत. बाकी शांतता. दोन सुखी माणसं एका छपराखाली एकमेकांशी न बोलता राहू शकतात, हे त्या खोलीने सिद्ध करून दाखवलं.

अशाच एका दुपारी खोलीच्या कोपऱ्यातल्या न्हाणीच्या भोकातून एक डोकं आत आलं. डोक्यामागून मान आली, मानेमागून अंग आलं, आणि अंग संपेचना. दोघेही पायांची वाट बघत होते. पाय आले नाहीत. शेवटी एकदाची शेपटी आली. ती भलीमोठी धामण होती. रिकाम्या बरण्यांमागे उंदरांनी थाटलेल्या संसाराची चौकशी करायला ती सावकाश ट्रंकेमागे शिरली.

धामण बिनविषारी असते, माणसाच्या वाट्याला जात नाही, ही माहिती निवेदकांनी पूर्वी रेडिओवरून कितीतरी वेळा वाचली होती. या घडीला तिचा उपयोग नव्हता. दोघेही एकाच खाटेवर उभे होते. मास्तर निवेदकांच्या पाठीमागे होते आणि व्याह्यांचे खांदे सोडायला तयार नव्हते.

"शिट्टी वाजवा!"

"ती खुंटीला आहे. तुम्ही आवाज द्या, आवाजाचीच भाकरी खाल्लीत ना आयुष्यभर!"

निवेदकांनी आवाज दिला. तो चिरका आला, पण पोचला. सूनबाई दोन कप चहा घेऊन सावकाश आली, दार ढकललं आणि कप उंबऱ्यावर ठेवले. खाटेवरचं दृश्य बघून तिला हसू आवरेना.

"आज केवढा झालाय, बाबा?"

"अगं, आज खरा आहे! ट्रंकेमागे!"

"सापसुरळी ना? आईंनी पहिल्याच दिवशी ओळखली. रोज त्यांच्या कुंड्यांतच तर असते."

खाटेवर क्षणभर धामणीचासुद्धा विसर पडला.

"मग तुम्ही कोणी आत का येत नव्हता?" निवेदकांनी विचारलं.

"आता खरं सांगू? तुमच्या बातम्या बंद, पप्पांची शिट्टी बंद, दोघे दिवसभर इकडे. घर कसं शांत शांत झालंय. आईंनी मला बजावलंय, काही झालं तरी त्यांच्या सापाला धक्का लावायचा नाही."

"पण याला पाय नाहीत गं!" मास्तर कळवळून म्हणाले.

"गळून पडले असतील, पप्पा. चहा गार होतोय," म्हणून ती वळली.

ट्रंकेमागे खुसपुसलं. एक बरणी गडगडत खोलीच्या मधोमध आली आणि थांबली. निवेदकांनी घसा साफ केला, पण त्यातून आला तो आवाज रेडिओचा नव्हता, कोणाचाच नव्हता.

"सूनबाई, जाऊ नकोस ना. तिथेच उंबऱ्यावर बस जरा वेळ. बोल काहीतरी... कांद्यांबद्दल बोललीस तरी चालेल."